मुलाखतीच्या आधीच ठरते भरती : योग्य उमेदवार निवडण्याची पद्धत, पायरीपायरीने

एखाद्याने राजीनामा दिला की बहुतेक ठिकाणी सारखंच घडतं. मागच्या भरतीची जाहिरात शोधून काढतात, तारीख बदलून पुन्हा टाकतात, आठवडाभरात बायोडेटांचा ढीग जमतो आणि ज्यांना वेळ असेल ते मुलाखतीला बसतात. मुलाखत घेणारे तिघे असले तर तिघांच्या डोक्यात तीन वेगळी कामं असतात. एकाला कडक माणूस हवा असतो, दुसऱ्याला संगणकावर हात बसलेला, तिसऱ्याला लगेच रुजू होणारा. शेवटी जो छान बोलला त्याची निवड होते आणि चार महिन्यांनी ‘मुलाखतीत तर बरा वाटला होता’ असं म्हणायची पाळी येते.

हे टाळायचं तर माणसं बघण्याआधी माप ठरवावं लागतं, ते लिहून ठेवावं लागतं आणि प्रत्येकाला त्याच मापाने मोजावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत. उदाहरण म्हणून सगळीकडे गोदामाच्या सुपरवायझरची जागा घेतली आहे. तुमची जागा लेखापालाची, परिचारिकेची किंवा प्रोग्रामरची असली तरी पद्धत तीच राहते.

काम आधी कागदावर आणा

जाहिरात लिहायला बसण्यापूर्वी एका पानावर तीन उत्तरं लिहा: या माणसाने पहिल्या ३ महिन्यांत काय केलेलं असायला हवं, ६ महिन्यांत काय आणि वर्षभरात काय. ‘गोदाम सांभाळणे’ हे उत्तर होत नाही. ‘६ महिन्यांत प्रत्यक्ष साठा आणि नोंदवलेला साठा यांतला फरक निम्म्यावर आणणे’ हे उत्तर होतं, कारण ते झालं की नाही हे कोणालाही तपासता येतं.

हे पान साहेबांनी एकट्याने लिहू नये. सोडून जाणारी व्यक्ती, तिच्या हाताखालचे एकदोघं आणि ज्या विभागाला तिच्या कामाची झळ पोचते तिथला एक, एवढ्यांशी प्रत्येकी अर्धा तास बोला. त्यांना ‘कसा माणूस हवा?’ असं विचारलंत तर प्रामाणिक, मेहनती, टीममध्ये मिसळणारा अशी विशेषणं हाती येतील. त्याऐवजी प्रसंग विचारा: ‘या जागेवरच्या माणसाने एखादी गोष्ट फार चांगली निभावली असा शेवटचा प्रसंग कोणता? आणि सगळं बिघडलं तो कोणता? त्या वेळी त्याने नेमकं काय केलं?’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागन यांनी ही प्रसंग गोळा करण्याची पद्धत १९५४ साली मांडली. आजही कामाचं खरं स्वरूप कळायला यापेक्षा सोपं साधन नाही.

आठदहा प्रसंग जमले की त्यांत तेच तेच गुण वर येऊ लागतात. त्यांतून ५ किंवा ६ निकष काढा, त्याहून जास्त नकोत. बारा निकष ठेवले तर मुलाखत घेणारा ते मनातल्या मनात एकत्र करतो आणि उरतं फक्त ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’. सुपरवायझरसाठी निकष असे निघू शकतील: नोंदींतली अचूकता, चूक लगेच वर कळवण्याची सवय, पाळीतल्या माणसांना काम वाटून देणं, घाईच्या वेळी प्राधान्य ठरवणं, सुरक्षेचे नियम पाळून घेणं.

मग प्रत्येक निकषासमोर लिहा: पहिल्या दिवसापासून हवा, की इथे आल्यावर शिकवता येईल? साठ्याचं सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत हाताखालून जातं. मोजणीत फरक आला तर तो न लपवता सांगण्याची सवय दोन आठवड्यांत लागत नाही. प्रत्यक्षात मात्र सॉफ्टवेअरचं नाव जाहिरातीत ठळक छापलं जातं आणि सवय कोणी तपासत नाही.

इथेच अनुभवाच्या वर्षांचाही विचार व्हावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. निवडीच्या वेळचा अंदाज आणि पुढचं काम यांचा मेळ किती बसतो याचं मोजमाप ० ते १ या पट्टीवर केलं, तेव्हा ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर, कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४० वर आणि कामाचा नमुना करून घेणं ०.३३ वर आलं. मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत ०.१९ वर, आणि अनुभवाची नुसती वर्षं ०.०७ वर. त्यामुळे ‘किमान ८ वर्षं अनुभव’ ही अट घालण्याआधी आठच का, सहा का नाहीत, याचं उत्तर स्वतःला द्या. त्या वर्षांत माणसाने काय हाताळलं हे विचारणं जास्त उपयोगाचं.

जाहिरात

यात फार पानं खर्च करायची गरज नाही. कामाचं एका वाक्यात वर्णन, पहिल्या वर्षात काय साधायचं आहे, अत्यावश्यक अटी (पाचपेक्षा जास्त नकोत), पगाराची मर्यादा किती ते किती, कामाची जागा, पाळ्या, निवडीचे टप्पे आणि निकाल कधीपर्यंत कळेल, एवढं पुरतं.

पगार लपवला तर सगळ्यांचाच वेळ जातो: तीन फेऱ्या झाल्यावर कळतं की दोन्ही बाजूंचे आकडे जुळतच नाहीत. अटींची लांबलचक यादीही महागात पडते. प्रामाणिक माणूस ती शब्दशः घेतो, दोन अटी बसत नाहीत म्हणून अर्जच करत नाही, आणि ज्याला कशाचंच काही वाटत नाही तो बिनधास्त अर्ज टाकतो. कामातली नकोशी बाजूही लिहा. महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी असेल तर ती जाहिरातीतच दिसली पाहिजे.

आपल्याच कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून येणारे उमेदवार जरूर घ्या, पण दोन पथ्यं पाळा. त्यांनाही इतरांसारख्याच सगळ्या पायऱ्या चढू द्या आणि शिफारस करणाऱ्याला मुलाखतीच्या पॅनेलवर बसवू नका. शिवाय फक्त ओळखीतूनच भरती होत राहिली तर काही वर्षांत सगळी माणसं एकाच साच्याची होतात.

अर्जांची छाननी

अर्जासोबत कामाशी थेट जोडलेले दोन छोटे प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, ‘तुम्ही शेवटची पूर्ण साठामोजणी केली तेव्हा किती प्रकारचा माल होता आणि फरक आढळल्यावर काय केलंत? १५० शब्दांत लिहा.’ दुसऱ्यांकडून लिहून घेतलेला चकचकीत बायोडेटा आणि खरं काम केलेला माणूस यांतला फरक इथेच दिसायला लागतो.

प्रत्येक अर्जाला निकषावार ०, १ किंवा २ गुण द्या. पुरावा नाही तर ०, थोडा आहे तर १, ठोस आहे तर २. दोघांनी वेगवेगळे, एकमेकांचे गुण न बघता अर्ज वाचावेत आणि नंतर ताडून पाहावेत. एका बैठकीत वीसपंचवीसपेक्षा जास्त अर्ज वाचू नका. पुढे डोळे नुसते फिरतात आणि शेवटच्या अर्जांवर अन्याय होतो.

नाव, फोटो, वय, पत्ता हे वाचणाऱ्यापासून झाकता आलं तर झाका. अमेरिकेतल्या बॉस्टन आणि शिकागो शहरांतल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट बायोडेटा पाठवून केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. नाव सोडून बाकी दर्जा सारखाच ठेवलेला होता. ते बायोडेटा वाचणाऱ्या कितीतरी जणांना आपण भेदभाव करतोय असं वाटलंही नसेल, आणि म्हणूनच चांगल्या हेतूवर विसंबून चालत नाही.

संगणकाकडून छाननी करून घेतली तरी हा दोष आपोआप जात नाही. जुन्या निवडींवरून शिकलेलं सॉफ्टवेअर जुने पूर्वग्रहही शिकतं. अ‍ॅमेझॉनने असं एक सॉफ्टवेअर बनवून पाहिलं होतं. ते बायकांचा उल्लेख असलेल्या बायोडेटांचे गुण कापत होतं आणि शेवटी कंपनीने ते सोडून दिलं, ही बातमी २०१८ साली आली. सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याने नाकारलेल्या अर्जांतले दर वेळी वीसेक अर्ज हाताने काढून वाचा.

नोकरीतला खंड पाहून अर्ज बाजूला टाकू नका. आजारपण, मूल, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा, शिक्षण, बंद पडलेली कंपनी, कारण काहीही असू शकतं आणि त्यातल्या बहुतेक कारणांचा कामाच्या कुवतीशी संबंध नसतो.

वीस मिनिटांचा फोन

छाननीतून उरलेल्यांना फोन करा, सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारा: पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड, पाळी जमेल का, सध्याच्या कामातला सगळ्यात मोठा भाग कोणता, आणि ही जागा का हवी. शेवटची पाच मिनिटं त्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. फोनवर ‘आवाज दमदार वाटला’ म्हणून गुण देऊ नका, जागाच फोनवर बोलण्याची असेल तर गोष्ट वेगळी. ६० अर्ज आले तर १२ जणांना फोन, त्यातले ६ कामाच्या नमुन्याला आणि ३ ते ४ मुलाखतीला, असा साधारण उतार ठेवला तर काम आवाक्यात राहतं.

कामाचा नमुना

कोणाला पोहता येतं का हे कळायला त्याला पाण्यात उतरवावंच लागतं. प्रत्यक्ष कामातला एक तुकडा कापून घ्या आणि तो करायला द्या.

सुपरवायझरसाठी असा नमुना बनवता येईल: ४० ओळींचा साठ्याचा तक्ता, ज्यात ५ चुका मुद्दाम पेरल्या आहेत. दोन ठिकाणी बेरीज चुकली आहे, एक माल दोनदा नोंदला आहे, एका मालाची मुदत संपली आहे, एका ठिकाणी पेट्या आणि नग यांची गल्लत आहे. सोबत प्रसंग: ‘दुपारी ४ वाजलेत, ६ वाजता तीन गाड्या निघायच्या आहेत, पाळीतले दोघं आलेले नाहीत. पुढचे दोन तास कसे लावाल ते लिहा आणि तक्त्यात काय आढळलं ते साहेबांना पाच ओळींत कळवा.’

हा कागद उमेदवारापुढे ठेवण्याआधी त्याच कामातल्या आपल्या एका चांगल्या माणसाकडून सोडवून घ्या. त्याला ४० मिनिटं लागली तर उमेदवारांना ६० द्या. त्यालाच दोन चुका सापडल्या नाहीत तर कागद अवघड आहे, सोपा करा. उत्तरांची गुणतालिका आधीच तयार हवी: प्रत्येक चुकीला किती, प्राधान्यक्रमाला किती, साहेबांना लिहिलेल्या निरोपाच्या स्पष्टपणाला किती. तालिका नंतर बनवली की ती आवडत्या उमेदवाराच्या उत्तराकडे झुकते.

नमुन्याबाबत चार गोष्टी हमखास बिघडतात. घरी करायला दिलेलं काम ‘दोन तासांचं’ म्हणून सांगतात आणि ते दोन दिवस खातं; मग ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा ज्याची सध्याची नोकरी थकवणारी आहे तो मागे पडतो. दुसरं, नमुना म्हणून खरंच अडलेलं काम उमेदवारांकडून फुकट करून घेतात. हे उघड शोषण आहे आणि त्याची बातमी बाजारात फिरते. दोन तासांहून जास्त वेळ लागणार असेल तर मोबदला द्या. तिसरं, एआयची मदत घेतलेली चालेल की नाही हे कोणी सांगतच नाही. स्पष्ट सांगा, आणि घरून काम करून आणलं असेल तर त्यावर १५ मिनिटं तोंडी प्रश्न विचारा: ‘ही ओळ चूक आहे हे कशावरून ओळखलंत? एक गाडी रद्द झाली असती तर काय बदललं असतंत?’ ज्याने विचार केलाय तो सांगतो. चौथं, अपंगत्व असलेल्या उमेदवाराला मोठा टाइप, जास्त वेळ किंवा लेखनिक लागेल का, हे सगळ्यांनाच आधी विचारायचं राहून जातं.

मुलाखत

मुलाखतीवर आपला विश्वास असायला हवा त्यापेक्षा जास्त असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही मुलाखतींत समोरचा माणूस ठरावीक नियमाप्रमाणे वाटेल ती, निरर्थक उत्तरं देत होता. मुलाखत घेणाऱ्यांना ते उमगलं नाही. उलट या बोलण्यातून आपल्याला माणूस कळला असंच त्यांना वाटलं. मोकळ्या गप्पांत मन स्वतःच गोष्ट रचून घेतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात दाखवून दिलं होतं की एक गुण आवडला की बाकीच्या गुणांनाही हात सैल सुटतो. ठरावीक प्रश्नांची मुलाखत या दोन्हींना लगाम घालते.

प्रत्येक निकषाला एक मुख्य प्रश्न, सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. प्रश्न दोन जातींचे असतात. एक, घडून गेलेलं विचारणारा: ‘तुमच्या पाळीत नोंदींत मोठी चूक सापडली असा एक प्रसंग सांगा.’ दोन, पुढ्यात प्रसंग ठेवणारा: ‘जुन्या, सगळ्यांच्या आवडत्या कामगाराने हेल्मेट घालायला नकार दिला. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?’ अनुभवी माणसांना पहिली जात जास्त ठेवा, नवख्यांना दुसरी. ज्याने कधी माणसं सांभाळलीच नाहीत त्याला जुना प्रसंग विचारणं अन्यायाचं आहे.

खरं काम पुढच्या उपप्रश्नांत असतं. उमेदवार ‘आम्ही हे केलं, आम्ही ते केलं’ असं बोलत असेल तर थांबवून विचारा, ‘त्यात तुमचा हात कुठे होता?’ मग ‘आधी कोणाला सांगितलंत?’, ‘शेवटी काय झालं?’, ‘आज तेच घडलं तर काय वेगळं कराल?’ प्रश्न विचारून झाल्यावर दहा सेकंद शांतता पडली तर पडू द्या. घाईने प्रश्न बदलून विचारला की त्यात अर्धं उत्तर पुरवलं जातं.

प्रत्येक प्रश्नासाठी १, ३ आणि ५ गुणांची उत्तरं कशी असतील ते आधी लिहून ठेवा. चुकीच्या नोंदीच्या प्रश्नासाठी असं: १ म्हणजे चूक दुसऱ्यावर ढकलली, किंवा गुपचूप दुरुस्त केली. ३ म्हणजे स्वतः वर कळवलं आणि दुरुस्त केली. ५ म्हणजे लगेच कळवलं, कारण शोधलं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून नोंदीच्या पद्धतीत बदल केला. या तीन ओळी लिहायला दहा मिनिटं लागतात आणि पॅनेलवरच्या तिघांचं ‘चांगलं उत्तर’ एकच होतं.

पॅनेलवर दोन किंवा तीन जण पुरेत. सहा जणांसमोर बसवलं की मुलाखतीची सुनावणी होते. एकाने विचारावं, दुसऱ्याने उमेदवाराचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे लिहावेत. ‘आत्मविश्वास कमी’ हे टिपण नाही, तो निकाल झाला. ‘फरक ३० पेट्यांचा होता, त्याच दिवशी मॅनेजरना फोन केला’ हे टिपण. ५ मिनिटं ओळख आणि मुलाखत कशी चालेल याची माहिती, ४० मिनिटं प्रश्न, १० मिनिटं उमेदवाराचे प्रश्न असा जवळपास तास आखा. पुढच्या उमेदवाराआधी १५ मिनिटं मोकळी ठेवा आणि गुण तेव्हाच भरा. संध्याकाळी भरायचे म्हटले की पहिला आणि शेवटचाच लक्षात राहतो. फार कच्च्या उमेदवारामागून आलेला मध्यम उमेदवारही तेव्हा हिरा वाटायला लागतो.

लग्न, मुलं, गरोदरपण, धर्म, जात, आजार यांवर प्रश्न नकोत, अगदी गप्पांच्या ओघातही नकोत. अनेक देशांत हे कायद्याला धरून नाही आणि कुठेही कामाशी संबंधित नाही. ‘मुलं लहान आहेत, रात्रपाळी कशी जमेल?’ हे फक्त बायकांना विचारलं जातं. त्याऐवजी सगळ्यांना एकच प्रश्न: ‘महिन्यात दोन आठवडे रात्रपाळी आहे. जमेल का?’ ‘तुमचा सगळ्यात मोठा दुर्गुण कोणता?’ आणि विमानात किती चेंडू मावतील यांसारखी कोडी यांनाही सुट्टी द्या. पहिल्याची उत्तरं पाठ केलेली असतात आणि दुसऱ्यातून फक्त कोडी सोडवण्याचा सराव कळतो. ‘आपल्या वातावरणात बसेल का?’ हाही धोक्याचा निकष आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आपल्यासारखा आहे का?’ एवढाच होतो. वातावरण म्हणजे नेमकी कोणती वागणूक ते लिहा, जसं ‘मतभेद बैठकीत मांडतो, मागे बोलत नाही’, आणि तेवढंच तपासा.

निर्णय

चर्चेआधी प्रत्येकाचे गुण लेखी जमा व्हायला हवेत. सगळ्यात वरिष्ठाने शेवटी बोलावं. साहेब ‘मला हा आवडला’ म्हणून मोकळे झाले की बाकीच्यांच्या पेन्सिली हलतात. ज्या निकषावर दोघांच्या गुणांत २ किंवा जास्त अंतर आहे तेवढ्यावरच बोला आणि टिपणं वाचून दाखवा. सुरक्षा, नोंदींतला खरेपणा अशा निकषांना किमान गुणांची पायरी ठेवा. तिथे ३ पेक्षा कमी गुण आले तर उमेदवार बाकी कितीही चांगला असला तरी नाही.

मनाचा कौल अगदीच टाकून द्यायचा नाही, त्याची जागा शेवटी आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनी १९५० च्या दशकात इस्रायली सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत बसवली. सहा स्वभावगुण, प्रत्येकाचे प्रश्न वेगळे, प्रत्येकाला लगेच गुण आणि सगळं झाल्यावर डोळे मिटून एक एकूण अंदाज. शिस्तीने माहिती गोळा केल्यानंतरचा तो अंदाजही उपयोगी ठरला. मुलाखतीच्या दुसऱ्या मिनिटाला आलेल्या अंदाजाची किंमत तेवढी नसते.

कोणीच पायरी ओलांडली नाही तर जागा पुन्हा उघडा. ‘आहेत त्यातला बरा’ घेण्याचा खर्च पुढची दोन वर्षं सगळी टीम भरते.

संदर्भ तपासणी

उमेदवाराची परवानगी घ्या आणि ऑफर स्वीकारेपर्यंत सध्याच्या मालकाला फोन करू नका, त्याची असलेली नोकरी धोक्यात येऊ शकते. ज्यांच्या हाताखाली त्याने थेट काम केलं अशा दोघांशी बोला. ‘माणूस कसा आहे?’ याचं उत्तर ‘चांगला आहे’ असंच येतं. विचारा: कधीपासून कधीपर्यंत होता, नेमकं कोणतं काम होतं, कोणत्या कामात त्याला मदत लागायची, संधी मिळाली तर पुन्हा घ्याल का. शेवटच्या प्रश्नानंतर ते किती वेळ थांबतात याकडे लक्ष असू द्या, पण तेवढ्यावरून कोणाला नाकारू नका. कोणी एखादी गंभीर गोष्ट सांगितली तर उमेदवाराची बाजूही ऐका. प्रमाणपत्रं मूळ संस्थेकडून पडताळून घ्या.

ऑफर आणि नकार

शेवटच्या मुलाखतीनंतर २ ते ३ कामाच्या दिवसांत आधी फोन, मग पत्र. चांगले उमेदवार एकाच वेळी दोनतीन ठिकाणी बोलत असतात. पत्रात पद, पगार आणि त्याचे भाग, हातात येणारी रक्कम, पाळ्या, प्रोबेशनचा काळ, दोन्ही बाजूंचा नोटीस पीरियड, रुजू होण्याची तारीख आणि उत्तराची मुदत हे सगळं असावं. तोंडी दिलेलं एकही आश्वासन पत्राबाहेर राहू नये.

मुलाखतीपर्यंत आलेल्या प्रत्येकाला नकार कळवा, तोही आठवड्याच्या आत आणि एका खऱ्या कारणासह: ‘तक्त्यातल्या ५ पैकी २ चुका सापडल्या, आम्हाला किमान ४ हव्या होत्या.’ माणसाने रजा टाकून, आशा धरून तुमच्यासाठी दिवस काढलेला असतो. त्याला ताटकळत ठेवणं ही या सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात क्रूर आणि सगळ्यात सहज टाळता येणारी गोष्ट आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला खरं काय ते सांगा: पहिल्याला ऑफर दिली आहे, अमुक तारखेपर्यंत कळेल.

रुजू झाल्यावर

नोटीस पीरियडमध्ये उमेदवार निसटतात ते बहुधा शांततेमुळे. दर दोन आठवड्यांनी त्याच्या होणाऱ्या साहेबांनी स्वतः फोन करावा. पहिल्या दिवशी जागा, लॉगिन आणि सोबत राहणारा एक सहकारी तयार हवा. सुरुवातीला लिहिलेलं ३, ६ आणि १२ महिन्यांचं पान त्याच दिवशी त्याच्या हातात द्या आणि ३०, ६० व ९० व्या दिवशी त्यावर बोला.

सहा महिन्यांनी निवडीच्या वेळचे गुण कपाटातून काढा आणि प्रत्यक्ष कामाशेजारी ठेवा. ज्या प्रश्नाला सगळ्याच उमेदवारांना ४ मिळाले तो कोणालाच वेगळं काढत नाही, तो बदला. ज्या प्रश्नाला ५ मिळूनही माणूस त्याच गोष्टीत चाचपडतोय त्याची गुणांची वर्णनं तपासा, बहुतेक वेळा बोलण्याच्या सफाईला गुण गेलेले सापडतील. दोनचार भरत्यांचे असे कागद एका फाइलमध्ये जमा झाले की पुढच्या जागेसाठी कोणता प्रश्न ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे त्या फाइलमधूनच कळायला लागतं.